सोळाचे अर्धे सहा

सोळाचे अर्धे आठ, हे विश्वंभरला दुसरीपासून येत होतं. ते सहा होतेत हे शिकायला त्यानं हिंगोलीला क्लास लावला, आन् ते खरंच सहा होतेत हे कळायला त्याचं सगळं घर लागलं. हसू नका. आधी पुरतं ऐका, मंग हसायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा.

साल दोन हजार सहा. विश्वंभर बीएस्सी होऊन दोन वर्षं घरी बसलेला. गाव जवळा बाजारच्या पलीकडं, जिथं जीपवाला टपावर माणसं बसल्याबिगर गाडी हालवत न्हाई. त्याचा दोस्त प्रेमदास, शेजारच्या तांड्यावरचा, पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटर एकमेकाला जोडायच्या कामावर लागला होता. त्याचा फोन आला, की नेटवर्किंगची परीक्षा डिसेंबरात पास हो, एक जागा हाय, साहेबाला बोलून ठेवलंय, पण जानेवारीत ती जागा दुसऱ्याची. बस, एवढंच. पण विश्वंभरला त्या राती झोप आली न्हाई, आन् त्याच्यापेक्षा जास्त आली न्हाई ती संतरामकाकाला.

आता संतरामकाका म्हणजे विश्वंभरच्या बापाचा, तातेरावचा, धाकटा भाऊ. शेत एक, चूल एक, बैलजोडी एक. काका-काकूला लेकरू न्हाई, त्यामुळं विश्वंभर जन्माला आला तातेरावच्या पोटी पण वाढला मनकर्णाकाकूच्या ताटात. पाढे त्याला काकानं शिकवले, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपरात, भुईवर चिंचोके मांडून. कागदावर न्हाई जमलं तं भुईवर मांड, हे काकाचं कायमचं बोलणं. आन् क्लास लागल्यापासून तर काका रोज सकाळी त्याला जीपपर्यंत सायकलवर डबलसीट सोडायचा. तेवीस वर्षांचा गडी, पाय जमिनीला घासून राहिले, मांडीवर इंग्रजी पुस्तक, आन् पुढं काका पायडल मारून राहिला. लोक विचारायचे, कुठं नेऊन राहिला लेकराला? काका म्हणायचा, परदेशी परीक्षा हाय त्याची, वेळेवर पोचाय पायजे.

क्लासमधे बाकी सगळं जमलं. वायरीचे रंग जमले, वायरी खुपसायचे डबे जमले, डब्यावर कोणती लाईट लागली म्हणजे काय ते जमलं. अडला तो सबनेटिंगला. म्हणजे असं बघा, प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, तसे सोळा नंबर तुमच्याकडं हायेत. पण सोळाच्या सोळा वाटता येत न्हाईत. पहिला नंबर त्या सोळांच्या वस्तीच्या, म्हणजे नेटवर्कच्या, नावाला जातो, तो कोणालाच द्यायचा न्हाई. शेवटचा नंबर सगळ्यांना एकदम हाक मारायला राखून ठेवायचा, तोबी कोणाला न्हाई. राहिले चौदा. आता त्याच सोळाचे दोन भाग करा. आठ-आठ. पण प्रत्येक भागाचा पुन्हा पहिला गेला, शेवटचा गेला. राहिले सहा-सहा. म्हणजे एकत्र होते तवा चौदा कामाचे, वेगळे झाले की बारा. चार भाग केले तर आठच. आठ भाग केले तर कामाचा एकबी न्हाई, नुसते पहिले आन् शेवटचे.

विश्वंभर दर टेस्टला लिहायचा, सोळाचे अर्धे आठ. तीन टेस्ट झाल्या, तिन्हीत आठ. तिसऱ्या टेस्टला सरांनी पेपर हातात धरून सगळ्यांसमोर, पोरींसमोर विचारलं, "विश्वंभर, पहिला नंबर कोणालाच भेटत न्हाई, यात न समजण्यासारखं काय हाय? तुझा कधी आला का?"

हे त्याला फार लागलं. कारण चौथीत त्याचा आला होता पहिला नंबर, पण ते तिथं उठून सांगण्यासारखं न्हवतं.

गावी आला तं दिवसभराचं भारनियमन. दसरा झालेला, सोयाबीन निघून गेलेलं, गव्हाला-हरभऱ्याला अजून टाइम. सोळा एकर शेत सडकेच्या कडंनं लांबचं लांब मोकळं पडलेलं. आन् विश्वंभरच्या डोक्यात एकदम उजेड पडला. सोळा एकर, सोळा नंबर. कागदावर जमत न्हाई ना? भुईवर मांड.

दोरी घेतली. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या रेषा मारायला आणलेली पांढरी फक्की पोत्यात उरली होती, ती घेतली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायला आणलेला निळा ऑइलपेंट काकाच्या आखाड्यावर होता, तो मागायला गेला. काका बाजाराला निघाला होता. काहून पायजे, कशाला पायजे, काही विचारलं न्हाई. डबा दिला, वरून डब्याचं झाकण विळ्यानं उघडून दिलं, आन् गेला.

दुपारपर्यंत काम फत्ते. सोळा पट्टे, सोळा दगड, दगडांवर निळे आकडे, शून्यापासून पंधरापर्यंत, कारण कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. बरोबर मधोमध, सात आन् आठच्या मधून, फक्कीची पांढरी रेष, सडकेपासून ओढ्यापर्यंत सरळ. विश्वंभर ओढ्याच्या दरडीवर उभा राहिला आन् बघत राहिला. डावीकडं शून्य ते सात, उजवीकडं आठ ते पंधरा. शून्य बाद, सात बाद, आठ बाद, पंधरा बाद. सहा आन् सहा. इतकं सोपं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

आता आपल्या इकडं मोकळ्या शेतात पांढरी रेष आन् रंगवलेले दगड याचा अर्थ काय होतो, ते तुमाला सांगायला नको. लखमाला तर मुळीच नको. लखमा त्यांचा शेजारी, त्याचं शेत यांना लागून. ह्या माणसाला धुऱ्याचा, शेताच्या बांधाचा, वास येतो. कोणाच्या शेतात कोणी खुंटी ठोकली की हा तीन कोसावरून उठून येतो. तो आला, दगड बघितले, रेष बघितली, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"सुरू केलं म्हणा की," लखमा म्हणाला.

विश्वंभर म्हणाला, व्हय, आज समजलं एकदाचं. खुशीत होता ना. लखमानं दगड दाखवून विचारलं, शून्यावर विहीर हाय, तो कोणाला? विश्वंभर म्हणाला, कोणालाच न्हाई, तो नुसता नावाला असतो. आन् पंधरा? पंधरावर तर संतरामचा आखाडा हाय.

"तोबी कोणाला न्हाई," विश्वंभर म्हणाला. "तिथून फक्त सगळ्यांना हाक मारता येती."

लखमानं टोपी घातली आन् सरळ जवळा बाजारला गेला. आठवडी बाजार होता. तिथं काय सांगितलं ते पुढं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, की तातेरावच्या शिकलेल्या पोरानं वाटणी पाडली, चुलत्याला विहिरीतून काढला, आखाड्यातूनबी काढला, आन् त्याला नुसती हाक मारायची सोय ठेवली.

काका बाजारातून परत येताना शेतावरून आला. राती जेवायला आला न्हाई, आखाड्यावरच झोपला. मनकर्णाकाकूनं विश्वंभरला वाढलं, पण पहिल्यांदा वेगळ्या ताटात.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कटिंग करताना न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर ठेवून सांगितलं, विहीर सोडू नको. पिठाच्या गिरणीवर एकजण म्हणाला, सडकेकडची बाजू घे, पुढंमागं टपरी टाकता येती. एका मास्तरनं बाजूला घेऊन सांगितलं, ओढ्याकडचा चिबडलेला, पाणी साचणारा तुकडा चुलत्याला घाल, तो गरीब हाय, बोलायचा न्हाई. विश्वंभर सगळ्यांना सांगायचा, अहो हा अभ्यास हाय. लोक डोळा मारायचे. व्हय व्हय, म्हणायचे, अभ्यास करूनच करावं असलं काम.

इथं, बघा, सगळं मिटू शकत होतं. आखाड्यावर जाऊन काकाच्या पायाशी नुसता बसला असता, काका, येडेपणा झाला, एवढं म्हणला असता, तरी भागलं असतं. पण माणूस शिकला की त्याला पुरावा लागतो. विश्वंभरनं ठरवलं, सातबाऱ्याची ताजी नक्कल काढून काकाच्या हातात द्यायची. बघा, दोघाची नावं एकाच कागदावर, काही हाललं न्हाई. नुसतं बोलण्यात काय दम असतो?

तर तो तालुक्याला गेला. बाहेर झाडाखाली छापील अर्ज विकणारा बसला होता, त्यानं एक अर्ज दिला. सगळ्या कामाला तोच अर्ज. वर चार चौकोन, नक्कल, फेरफार, वाटणी, मोजणी, पाहिजे त्यावर खूण करा. विश्वंभरनं नक्कलवर टीक मारली. आन् मंग थांबला. कारण सरांनी घोकून घेतलं होतं, परीक्षेत उत्तरापुढं गोल असला तर एकच उत्तर बरोबर, पण चौकोन असला तर एकाहून जास्त बरोबर, एकावरच टीक मारली तर मार्क शून्य. त्यानं निरखून बघितलं. चारी चौकोन होते. एकबी गोल न्हवता.

म्हणजे अजून एक तरी टीक पायजे. फेरफार? न्हाई, काही फिरवायचं न्हवतं. मोजणी? ती तर त्यानंच केली होती. अफवा वाटणीची उठली हाय, तिचाच खुलासा करायचा हाय, मंग वाटणीच लागू होती, असा विचार करून त्यानं वाटणीवर टीक मारली. घरी येऊन बापाला म्हणाला, बाबा, इथं सही करा. तातेराव गव्हाच्या बियाण्याच्या गडबडीत होता. त्यानं न वाचता सही केली. लेकरू शिकलेलं, वाचायचं काय?

अर्ज तालुक्याला दिल्यावर पंधरा दिवसांनी कोतवाल आला. नोटीस घेऊन. नक्कल न्हवती, नोटीस. काकाच्या नावानं. अर्जदार तातेराव, सामनेवाले संतराम, जमीन वाटणीबाबत.

काका अंगणात उभा राहून वाचत होता, बोट फिरवत फिरवत. सगळं वाचून झाल्यावर त्याचं बोट पुन्हा वर गेलं, एका शब्दावर थांबलं.

"मी सामनेवाला हाय," काका म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं न्हाई.

तातेराव चावडीवरून आला, कागद बघितला, आधी पोराकडं बघितलं, मंग भावाकडं. चूक काय झाली हे त्याच्या ध्यानात आलंच होतं, तोंडावर दिसत होतं. एका शब्दात मिटवता आलं असतं. पण त्या माणसाचा स्वभाव म्हणजे, समोरच्यानं शंका घेतली की हा खरं बोलायला तयार होत न्हाई.

"तुला खरं वाटलं?" त्यानं भावाला विचारलं.

"सही तुमची हाय, दादा."

"सही सोड. तुला खरं वाटलं का?"

काकानं पुन्हा कागदाकडं बघितलं. आता तातेराव पेटला. चाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या भावाला कागद खरा वाटतो, तर मंग असू दे खरा, म्हणाला. आन् घरात निघून गेला. मनकर्णाकाकू दारात होती. ती विश्वंभरला फक्त एवढंच म्हणाली, "बाबू, तुला आमी काय कमी केलं होतं?"

पारावर पाच माणसं बसली. विश्वंभरला बोलावलं, सांग म्हणाले काय ते. त्यानं तरी किती जीव तोडून सांगावं. शून्य म्हणजे काय, हाक मारायचा नंबर म्हणजे काय, वस्ती वेगळी केली की एका वस्तीतल्या मशीनला दुसऱ्या वस्तीतल्या मशीनशी थेट बोलता येत न्हाई, मधे एक राउटर लागतो, हिकडचं तिकडं सांगायला. पोलीस पाटलानं विचारलं, मंग आधी एकत्रच होते तवा बोलता येत होतं ना? विश्वंभर म्हणाला, येत होतं. मंग वेगळे करायचे काहून? विश्वंभर म्हणाला, फार गर्दी झाली की गोंधळ होतो. पाटील म्हणाला, दोन भावात कसली आली गर्दी?

तेवढ्यात काका उठला. विश्वंभरला वाटलं, आता काका म्हणणार, जाऊ द्या, लेकरू हाय.

"रेषा तू काढल्या ना?" काकानं विचारलं.

"व्हय काका. पण अभ्यासाच्या."

"अभ्यासाच्या म्हणजे बराबर असतील." काका पंचांकडं वळला. "मोजणीवाला कशाला बोलवायचा? लेकरानं मोजलंय. त्या मधल्या रेषेवर धुरा घाला."

कुत्सित न्हाई म्हणाला, बरं का. तेच तर वाईट. काकाला खरंच वाटत होतं की लेकराचं मोजमाप चुकायचं न्हाई. पंचांनी जाऊन साखळी टाकली, तर दोन्हीकडं बराबर आठ-आठ एकर, हाताचाबी फरक न्हाई. सगळ्या गावानं कौतुक केलं. विश्वंभरनं आयुष्यात इतकं सुबक काम कधी केलं न्हवतं, आन् ते पुसता येईना, कारण फक्की एका पावसात गेली असती पण दगडांवरचा ऑइलपेंट घासून निघत न्हवता. त्यानं रॉकेल लावून बघितलं, वीट घासून बघितली. आठाचा खालचा गोल तेवढा पुसट झाला, आन् लखमानं येऊन सांगितलं, हद्दीची निशाणी पुसणं गुन्हा हाय.

धुरा पडला. सातातलं थोडं गेलं, आठातलं थोडं. काकाला आपल्या तुकड्यात सडकेवरून उतरायला वेगळी गाडीवाट लागली, तेवढी जागा गेली. दोन्ही बाजूंनी धुऱ्याला काटे टाकले, तेवढं पुन्हा गेलं. चूल दुसरी मांडली, तिच्यासाठी अंगणाचा कोपरा गेला. आन् शेवटाला बैलजोडी. पांड्या तातेरावकडं, कोसा काकाकडं. एक-एक. एका बैलानं नांगर चालत न्हाई. विश्वंभरनं त्या दिवशी वहीत मांडून बघितलं, दोनाचे भाग दोन, कामाचे शून्य.

सकाळची सायकल बंद झाली. म्हणजे सायकल काकाच्या वाटणीला गेली, आन् काका रोज तिला जीपच्या टायमाला अंगणात आणून उभी करायचा, पुसायचा, आन् पुन्हा आत ठेवायचा. विश्वंभर चालत जायचा.

डिसेंबरात औरंगाबादला परीक्षा झाली. स्क्रीनवर एकामागं एक प्रश्न, मागं जाता येत न्हाई, जे केलं ते केलं. चाळिसाव्याच्या आसपास तो आला. सोळा नंबरांच्या नेटवर्कचे दोन समान भाग केले, तर प्रत्येक भागात कामाला येणारे किती? पुढं चार गोल. विश्वंभरला गणित करावंच लागलं न्हाई. त्याला विहीर दिसली, काटे दिसले, आखाडा दिसला. त्यानं सहावर टिचकी मारली, आन् त्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. तिथल्या बाईंनी येऊन विचारलं, अवघड जाऊन राहिलं का? न्हाई मॅडम, तो म्हणाला, हा येतो मला.

पास झाला. चांगल्या मार्कांनी झाला. प्रेमदासचा फोन आला, एक तारखेला हजर हो. सरांनी क्लासच्या बोर्डावर त्याचं नाव लिहिलं, पहिलं.

सर्टिफिकेट घेऊन तो गावी आला तं सांजेचा टाइम होता. शेतात गेला. आता तिथं एक पद्धत पडली होती. कोणी बसून ठरवलेली न्हवती, आपोआप पडली होती. तातेराव सकाळी पांड्याला आठ नंबरच्या दगडाला बांधून निघून जायचा. मंग काका यायचा, पांड्याला सोडून कोशासोबत जुंपायचा, वाटणीच्या गोंधळात मागं राहिलेला गहू आपल्या रानात पेरायचा, आन् धुऱ्याच्या अलीकडं येऊन तातेरावचंबी पेरायचा. सांजेला पांड्या पुन्हा दगडाला. दोघं भाऊ एकमेकाशी बोलत न्हवते. निरोप असला तर विश्वंभर. हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं.

काका दगडापाशी पांड्याला बांधून राहिला होता. विश्वंभरनं कागद पुढं धरला. काकानं हात धोतराला पुसले, दोन्ही हातांनी घेतला, त्याच्यावरून बोट फिरवलं. इंग्रजी होतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत फिरवलं.

"सगळं शिकवलं का तिथं?" काकानं विचारलं.

"व्हय काका."

"तुकडे केलेले पुन्हा एक कसे करायचे, तेबी शिकवतेत का?"

शिकवतेत, तो म्हणाला. त्याचा वेगळा धडा हाय, पुढच्या परीक्षेला. सोपं असतं. फक्त दोन्ही तुकडे एकमेकाला लागून पायजेत.

काकानं काट्यांच्या पलीकडं बघितलं, मंग अलीकडं. "लागूनच हायेत की," म्हणाला.

तातेराव तिथंच, वीस पावलांवर, धुऱ्यापल्याड सात नंबरच्या दगडावर बसला होता. पाठमोरा.

काकानं कागद परत दिला. पांड्याच्या पाठीवर हात फिरवला, पुढचा पाय उचलून बघितला. मंग तसाच वाकून, ना मोठ्यानं ना हळू, म्हणाला, "तुह्या बापाला सांग, ह्याच्या पुढच्या खुराला जखम झाली. उद्या बांधू नको म्हणावं. पेरणी दोन दिवस थांबली तरी चालती."

विश्वंभर वीस पावलं गेला. बाबा, काका म्हणतेत, इथवरच बोलला, तर तातेरावनं हात वर केला.

"सांग त्याला," तातेराव ओढ्याकडं बघत म्हणाला, "ऐकू आलं."

विश्वंभर वळला. काका तिथंच उभा होता, दगडाला एक हात लावून. त्यालाही ऐकू गेलं होतं, हे दिसत होतं. तरी तो हालला न्हाई, वाट बघत राहिला. पुण्याची गाडी परवा होती. विश्वंभर पुन्हा वीस पावलं चालत गेला.

"काका," तो म्हणाला, "ऐकू आलं म्हणतेत."